वहीतल्या १८० गाण्यांचं काय करू?

(पत्र थोडक्यात. नाव-गाव अर्थातच गाळलं आहे.)

मी ४७ वर्षांची, पतपेढीत नोकरी करते. लहानपणी गाणं शिकवायची घरची ऐपत नव्हती, पण रेडिओ दिवसभर चालू असायचा. चार वर्षांपूर्वी एका बाईंकडे शास्त्रीय गाण्याचा क्लास लावला. गाण्याच्या परीक्षांतली प्रवेशिका पूर्ण झाले, आता मध्यमा प्रथमची तयारी चालू आहे. गुरुवारी भजनी मंडळातही जाते. गळा बरा आहे असं बाई म्हणतात, पण शास्त्राचं पुस्तक उघडलं की मला झापड येते. थाट, वादी, संवादी, गानसमय सगळं पाठ होतं आणि आठवड्यात उडून जातं. म्हणून मी माझ्यापुरती वाट काढली. शेकडो गाणी मला तोंडपाठ आहेत. इंटरनेटवरच्या याद्या बघून एका वहीत रागवार १८० गाणी लिहून काढली. वही बाईंना दाखवली, तर त्या म्हणाल्या, "सिनेमाच्या गाण्यांनी कान बिघडतो. मध्यमा होईपर्यंत ती बंद." शिवाय वहीतच गोंधळ निघाला. 'ज्योति कलश छलके' एका यादीत भूप, दुसरीत देशकार! मुलगा गिटार शिकतो. तो म्हणतो, "आई, दोन्ही एकच. मेजर पेंटाटॉनिक." मी गाणी सोडू का? की क्लास सोडून अ‍ॅपवर शिकू? की शास्त्र हा माझ्यासारखीचा प्रांतच नाही?

———

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. एकच गाणं दोन याद्यांत दोन रागांखाली दिसलं म्हणून ज्या माणसाला चैन पडत नाही, त्याचा शास्त्राशी संबंध नाही असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्यांचा खरोखर नसतो ते दोनातलं कुठलंही एक नाव ठेवतात आणि पान उलटतात. वयाचं म्हणाल, तर सत्तेचाळिशीत गळा थोडा सावकाश वळतो, एवढंच. ऐकण्याचा जो चाळीस वर्षांचा साठा तुमच्याकडे आहे, तो तुमच्या क्लासमधल्या दहा वर्षांच्या मुलीकडे नाही.

आता गाणी आणि शास्त्र. तुम्ही, तुमच्या बाई आणि तुमचा मुलगा, तिघांचं एका बाबतीत एकमत दिसतं, आणि तिथेच मला अडखळायला होतं. शास्त्र एका खोलीत राहतं आणि गाणी दुसऱ्या खोलीत, असं तिघांनीही धरून चालल्यासारखं दिसतं. बाईंना मधलं दार बंद करायचंय, मुलाला पलीकडच्या खोलीची गरज वाटत नाही, आणि तुम्ही दारात उभ्या.

पण तुम्ही जे पुस्तक उघडता, त्यातलं शास्त्र आलं कुठून? विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील. गावोगाव हिंडून, घराणेदार गवयांना गाठून त्यांनी बंदिशी गोळा केल्या, लिहून काढल्या, एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या आणि मग त्यांतून नियम काढले. दहा थाटांची, म्हणजे राग ज्यांत वाटून ठेवतात त्या सात स्वरांच्या दहा साच्यांची, मांडणी त्यानंतरची. बंदिशी आधी, थाट मागाहून. त्यांचा हिंदुस्थानी संगीत पद्धतीवरचा मोठा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. शंका काढणारा शिष्य म्हणजे तुम्हीच की! आणि लक्षणगीत हा प्रकार तुम्ही प्रवेशिकेला शिकला असालच. रागाचा थाट, वादी (मुख्य स्वर), वर्ज्य स्वर, गानसमय हे सगळं शब्दांत सांगणारी, आणि त्याच रागात बांधलेली चीज. गाण्यातून शास्त्र शिकण्याचा तुमचा 'स्वतःपुरता मार्ग' शंभर वर्षांपूर्वीच छापून आलेला आहे.

तरीही बाई चुकल्या असं मी म्हणणार नाही. त्यांच्या म्हणण्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. एक खरी, एक घाईची. खरी ही की सिनेमाचं गाणं आपण ऐकतो तेव्हा केवळ चाल ऐकत नाही. लताबाईंचा आवाज, व्हायोलिनांचा ताफा, मधलं बासरीचं वळण, सगळं एकत्र कानात उतरतं, आणि गाताना आपण त्या सगळ्याची नक्कल करायला जातो. मग रागातली साधी 'ग रे सा' ही जागा आली तरी गळा आपोआप ओळखीच्या हरकतीकडे घसरतो. शिक्षकाला ते लगेच ऐकू येतं, आपल्याला येत नाही. त्यात भर, गाणं ठरलेलं असतं. ते शंभरदा म्हटलं तरी शंभरदा तसंच येतं. राग म्हटल्यावर मात्र पुढची जागा आपल्याला शोधावी लागते. गाण्याची फार सवय झालेला माणूस आलापाला बसला की दोन मिनिटांत उघडा पडतो. हे मी पेटीवर साथीला बसून अनेकदा पाहिलंय, आणि एकदा स्वतः आलाप करायला बसून अनुभवलंय.

घाईची गोष्ट ही की यावर उपाय म्हणून गाणी बंद. गाणी *गायची* काही दिवस कमी करा, हे मी समजू शकतो. पण ऐकायची, उलगडायची, स्वरांत लिहून पाहायची बंद करायचं काहीच कारण नाही.

आता तुमच्या वहीकडे. रागाखाली गाण्याचं नाव लिहिलं म्हणजे रागाची ओळख झाली, असं तुम्ही धरलंत, तिथे माझी खरी हरकत आहे. १८० माणसांची नावं आणि आडनावं पाठ केली म्हणून त्यातलं एक तरी माणूस ओळखीचं होतं का? वहीतून तुम्हाला आडनावं कळली. चेहरे कळायचे आहेत. त्यामुळे वही टाकू नका, पण तूर्त १७६ गाणी मिटून ठेवा. चार पुरेत.

त्या चारांपैकी तीन सुधीर फडक्यांची घ्या, कारण तुमचा भूप-देशकाराचा घोळ त्यांच्याच घरातला आहे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, एकूण ५६ गीतं. त्यातलं पहिलं 'स्वये श्री रामप्रभू ऐकती' भूपातलं मानतात. लगेच दुसरं 'शरयू तीरावरी अयोध्या' मिश्र देशकारातलं. आणि सहा वर्षांनी, १९६१ मध्ये, 'भाभी की चूडियाँ'साठी त्यांनी 'ज्योति कलश छलके' बांधलं. चौथं 'स्वयंवर' नाटकातलं, भास्करबुवा बखल्यांचं 'सुजन कसा मन चोरी', १९१६ सालचं, भूपातलं. महिनाभर एवढ्याच चौघांच्या संगतीत राहायचं.

का, ते सांगतो. भूप आणि देशकार या दोघांचे स्वर अगदी तेच: सा रे ग प ध. दोघांतही मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि सगळे स्वर शुद्ध. म्हणून तुमचा मुलगा म्हणतो ते खोटं नाही. स्वरांची मोजदाद केली तर दोन्हीकडे तोच पंचस्वरी साचा येतो. पण पुस्तक काय म्हणतं ते बघा. भूपाचा थाट कल्याण, देशकाराचा थाट बिलावल. भूपाचा वादी गंधार आणि संवादी, म्हणजे वादीच्या खालोखालचा स्वर, धैवत, देशकारात बरोबर उलट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी, देशकार सकाळी.

इथे मी तुम्हाला माझी फजिती सांगतो. 'भूप रागाचा थाट कल्याण' हे वाक्य मी परीक्षेत लिहिलं, मार्क घेतले आणि घरी आलो. कल्याण आणि बिलावल या दोन थाटांत फरक फक्त मध्यमाचा. कल्याणात तीव्र, बिलावलात शुद्ध. आणि भूपात मध्यमच नाही! मग तो कल्याणातला कशावरून? आणि त्याच पाच स्वरांचा देशकार बिलावलातला कशावरून? हा प्रश्न मला पडायला परीक्षेनंतर अकरा वर्षं लागली. तोवर मी शास्त्र 'शिकलेला' होतो.

याचं उत्तर बेरजेत नाही, चालण्यात आहे. भूप कल्याणाच्या नातेवाइकांसारखा चालतो, गंधाराभोवती घोटाळतो, तिथे बसतो: ग, रे ग, सा रे, मंद्र (खालच्या सप्तकातला) ध, सा, मग प ग, ध प ग, रे सा. देशकाराला खाली रेंगाळायला आवडत नाही. तो धैवतावर उभा राहतो आणि तिथूनच बोलतो: ध, प, ग प ध, प. रिषभाला तो उतरताना जेमतेम शिवतो. रस्ता तोच, घरंही तीच, पण एकाचा कट्टा गल्लीच्या तोंडाशी आणि दुसऱ्याचा टोकाला. थाट ठरवताना भातखंड्यांनी स्वर मोजले तसं चलनही पाहिलं, हे एवढं लक्षात आलं की 'वादी' या शब्दाची झापड उडते. जिथे मन पुन्हा पुन्हा येऊन टेकतं तो वादी.

आणि यातूनच गानसमयही सुटतो, वेगळा पाठ करावा लागत नाही. भातखंड्यांच्या मांडणीत, वादी सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे पूर्वांगात असेल, तर राग साधारणपणे दुपारी १२ ते रात्री १२ या वेळातला. वरच्या अर्ध्यात, उत्तरांगात असेल, तर रात्री १२ ते दुपारी १२ मधला. भूपाचा गंधार खाली, म्हणून संध्याकाळ. देशकाराचा धैवत वर, म्हणून सकाळ. अपवाद भरपूर आहेत. रात्री देशकार गायला तर आभाळ कोसळतं असंही नाही. माझ्या मते हा बराचसा कानाच्या सवयीचा भाग आहे. पण पुस्तकातली चार तुटक वाक्यं एका धाग्यात आली की नाही?

आता पुन्हा 'ज्योति कलश' ऐका. शब्द पहाटेचे, पूर्वेला रंग फुटण्याचे. स्वर भूप-देशकाराचे. मग चाल कुठे टेकते? ओळीच्या शेवटी स्वर कुठे लांबवला जातो? लताबाई श्वास कुठे घेतात? ध्रुवपद आणि अंतरा दोन्हींत एकच कट्टा आहे, की अंतऱ्यात मुक्काम हलतो? याचं उत्तर मला विचारू नका. मी सांगितलं, की तुमच्या वहीत तिसरी यादी तयार होईल. चार दिवस ऐका आणि स्वतः ठरवा. निकाल 'दोन्हीची सावली आहे' असा लागला तरी तो पक्का निकाल आहे. 'मिश्र' हा शब्द उगाच आलेला नाही. संगीतकाराला राग सिद्ध करायचा नसतो, गाणं उभं करायचं असतं. त्याला हवा तिथे तो दुसऱ्या रागाचा स्वर लावतो आणि पुढे जातो. याद्या करणाऱ्यांना मात्र एकच रकाना भरायचा असतो.

ऐकायचं कसं, हेही सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. आधी तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा आणि गाण्याचा षड्ज शोधा. गाणं सुरू होतं तो स्वर म्हणजे सा नव्हे. कित्येक चाली षड्जाला हातही न लावता सुरू होतात. गाणं मनात म्हणत मध्येच थांबा आणि बघा, कुठल्या स्वरावर आलं की घरी आल्यासारखं वाटतं. तानपुरा त्या स्वराला जुळवा. मग ध्रुवपदाची फक्त पहिली ओळ, शब्द काढून, स्वरांत म्हणा. एक ओळ. चुकेल, दहादा चुकेल. भजनी मंडळात हार्मोनियमवाले असतील तर त्यांच्याकडून ताडून घ्या. जमली की कागदावर लिहा, भातखंडे पद्धतीने. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब. स्वरलेखनाची ही खुणांची भाषा पुस्तकात पाहून कधीच पाठ होत नाही. आपल्या आवडत्या गाण्याची एक ओळ लिहिली की हातात बसते. आणि हो, हरकती लिहायच्या भानगडीत पडू नका. मूळ हाडं लिहा. नक्कल करायची सवय याने आपसूक सुटते, बाईंची निम्मी तक्रार मिटते.

वहीच्या पानावर रागाच्या नावाऐवजी तीन गोष्टी लिहा: चाल कुठे टेकते, कुठला स्वर टाळते किंवा नुसता शिवते, आणि कुठे नियम मोडल्यासारखा वाटतो. तिसरी जागा सर्वांत मोलाची. तिथे प्रश्नचिन्ह करायचं आणि क्लासला जायचं.

मुलाचा विषय निघालाच आहे, तर त्याच्याकडून एक काम करून घ्या. घरात कीबोर्ड असेल किंवा फोनवर त्याचं अ‍ॅप असेल, तर त्याला म्हणावं, पांढऱ्या पट्ट्यांना हात लावायचा नाही, फक्त काळ्या पाच. डावीकडून मोजायच्या: दोनाच्या जोडीतल्या एक-दोन, तिनाच्या गटातल्या तीन-चार-पाच. काळी तीन षड्ज धरली आणि तिथून वर काळ्याच पट्ट्या वाजवत गेलं की भूपाचे स्वर. पट्ट्या त्याच ठेवून षड्ज काळी चारवर नेला की मधमाद सारंगाचे. काळी पाचवर नेला की कोमल गंधार, शुद्ध मध्यम, कोमल धैवत, कोमल निषाद, म्हणजे मालकंस! काळी एक षड्ज केली की दुर्गा, काळी दोन केली की धानी. तानपुरा मात्र दर वेळी त्या त्या पट्टीत बदलायचा, नाहीतर कान जुन्याच षड्जाला चिकटून राहतो आणि सगळा भूपच ऐकू येतो. एकही नवी पट्टी न घेता नुसतं घर बदललं आणि पाच रागांच्या ओट्यावर आपण पोचलो. याला मूर्च्छना म्हणतात. पुस्तकात या शब्दाची व्याख्या वाचून मला काहीही कळलं नव्हतं. मालकंसाच्या वेळी 'बैजू बावरा'तलं (१९५२) 'मन तरपत हरि दर्शन को आज' काळी पाचवरून हळूच काढून बघा. भूपाच्याच पट्ट्यांतून ते निघतंय यावर तुमचा मुलगा क्षणभर विश्वास ठेवणार नाही. मग त्याला विचारा, हे पाचही त्याच पाच पट्ट्यांचे, तर पाचही एकच का?

त्याच्या शास्त्राला मात्र हसू नका. कॉर्डचं शास्त्र वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतं: एका वेळी अनेक स्वर वाजले तर त्यांचं एकमेकांशी काय होतं. सिनेसंगीत या दोन्ही घरचा पाहुणचार घेतं. सलील चौधरींनी 'छाया' (१९६१) मधलं 'इतना ना मुझसे तू प्यार बढ़ा' मोझार्टच्या ४० व्या सिंफनीवरून घेतलं. ते गाणं तुमच्या १८० मध्ये कुठल्यातरी रागाखाली दडपून बसवलेलं असेल, तर तिथून खोडा. सगळ्याच गाण्यांना राग नसतो, आणि त्यात त्यांचा काही कमीपणा नाही.

पहिला महिना भूपाचा गेला की दुसरा भीमपलासाचा घ्या. 'गुळाचा गणपती'तलं (१९५३) भीमसेनजींचं 'इंद्रायणी काठी', चाल पु. ल. देशपांड्यांची, आणि मदन मोहन यांचं 'मेरा साया'तलं (१९६६) 'नैनों में बदरा छाए'. एक देवळातलं, एक माडीवरचं. इथे कान लावायचा तो चढ-उतारावर. भीमपलास चढताना रिषभ-धैवत गाळतो, उतरताना दोन्ही घेतो. दोन्ही गाण्यांत हे कुठे पाळलंय, कुठे सैल सोडलंय, ते शोधा. 'औडव-संपूर्ण' (चढताना पाच स्वर, उतरताना सात) हा शब्द तेव्हा पाठ करायची गरज उरणार नाही.

तिसऱ्या महिन्यात अहिर भैरव. 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल' तर तुमच्या मंडळात म्हणतच असाल. राम फाटकांची चाल, भीमसेनजींचा आवाज. त्याच्याजवळ सचिनदेव बर्मन यांचं 'पूछो ना कैसे मैंने रैन बितायी' (१९६३) ठेवा. या रागाचा खालचा भाग भैरवाचा, कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार. वरचा काफीच्या वळणाचा, शुद्ध धैवत आणि कोमल निषाद. आता हे स्वर दहा थाटांत बसवून बघा. बसत नाहीत! पुस्तकात तो भैरव थाटाखाली सापडेल, पण भैरव थाटाचा धैवत कोमल आणि निषाद शुद्ध. म्हणजे त्याला तिथे नात्याने ठेवलाय, हिशेबाने नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण शास्त्र कळत नाही असं वाटणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात त्यातली फट दिसलेली असते आणि ते ती फट स्वतःच्या डोक्यात आहे असं समजतात.

तालाविषयी तुम्ही एक शब्द लिहिला नाहीत. गाणं आवडणारे लिहीत नाहीतच. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा तुमच्या हातात आहेतच. त्याच टाळीने भावगीतं मोजत जा, सहाचा दादरा आणि आठचा केरवा आठवड्याभरात वेगळे ऐकू येतील. रूपकाच्या सात मात्रांत समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, टाळीऐवजी खाली (रिकामा हात) का, हा प्रश्न बाईंसाठी राखून ठेवा.

भावगीतावरून एकदम बड्या ख्यालावर, म्हणजे संथ लयीतल्या लांबलचक रागगायनावर, उडी मारू नका, हेही सांगून ठेवतो. मध्ये नाट्यसंगीताचा पूल आहे. 'स्वयंवर'च्या पदांमागे थेट बंदिशी उभ्या होत्या, आणि नाटकात पद रंगायचं तर राग दोन मिनिटांत प्रेक्षकाच्या ओळखीचा व्हायला हवा. म्हणून चेहरा ठसठशीत. 'नाथ हा माझा' ऐकून यमन जेवढ्या चटकन समोर येतो, तेवढा तासाभराच्या ख्यालात नवख्याला सापडत नाही. त्यानंतर त्याच रागातला छोटा ख्याल, मग बडा. आपल्याकडे, महाराष्ट्रात आणि गोव्यात, हा पूल आयता बांधून मिळालाय आणि आपण तो फक्त दिवाळी पहाटेला वापरतो.

राहता राहिला क्लास. अ‍ॅप की बाई, हा पर्याय मला खरा वाटत नाही. अ‍ॅप सूर वर गेला की खाली गेला ते सांगेल, ठेका देईल, रात्री अकरालाही कंटाळणार नाही. पण भूप गाताना तुम्ही नकळत देशकारात शिरलात, तर तो खूशच राहील, कारण स्वर तर बरोबर आहेत! तिथे हटकायला माणूस लागतो, आणि तुम्हाला हटकणारा माणूस आधीच मिळालाय. दुसऱ्या गावी, क्लासच नसलेल्या वाचकांनी मात्र अ‍ॅपची लाज बाळगू नये. महिन्यातून एकदा कुणा जाणत्याला एक ओळ ऐकवता आली तरी पुष्कळ.

बाईंशी बोलताना वही पुढे करू नका. १८० गाण्यांची वही दिसली, की कुठल्याही शिक्षकाला वाटतं, ही आपल्या क्लासला पर्याय शोधतेय. त्याऐवजी एक प्रश्न न्या. "बाई, भूप आणि देशकाराचे स्वर एकच, मग थाट दोन का? मला ऐकून असं वाटलं... बरोबर आहे का?" आणि शरयूची एक ओळ स्वरांत म्हणून दाखवा. सिनेमाचं नाव पहिल्या दिवशी काढूच नका. गीतरामायणाला बहुधा कुणी नाही म्हणत नाही. क्लासमध्ये फक्त क्लासचं गायचं, गाण्यांचा उद्योग घरी, हा शब्द त्यांना द्या आणि पाळा. एवढं करूनही त्यांनी प्रश्नच विचारू दिले नाहीत, तर मात्र बाई बदलायचा विचार करा. तेव्हा खरी अडचण सिनेमाची गाणी ही नसेल, तुमचे प्रश्न ही असेल.

परीक्षेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. लेखी पेपर हे वेगळं कौशल्य आहे. तिथे 'वादी गंधार' असं लिहिलं की मार्क, मग तो ऐकू आलेला असो वा नसो. तेव्हा शेवटचे तीन आठवडे सरळ घोकंपट्टी करा, त्यात काही पाप नाही. फक्त वर सांगितलेले तीन महिने आधी घ्या. त्यासाठी एक सत्र पुढे ढकलावं लागलं तर ढकला. वर्षातून दोनदा परीक्षा होते, आणि पतपेढीत कुणी तुमचं मध्यमाचं प्रमाणपत्र मागत नाही.

'ज्योति कलश'चं काय ठरलं ते मात्र कळवा. मी माझं उत्तर एका कागदावर लिहून पेटीच्या खोक्यात ठेवलंय. दोन्ही जुळलं नाही, तर पुढच्या वेळी त्यावरच भांडू.